मनोऱ्याचा मायना

(तंजावर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ओळख करून देताना माझ्या नावाआधी 'विद्वद्वर्य' लावलं गेलं. लावणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. मी ते मनावर घेतलं तर दोष माझा. स्मृतिव्याख्यानाची रीतच तशी आहे. आधी पाहुण्याची स्तुती, मग ज्यांच्या नावाने व्याख्यान त्यांची, मग पाहुण्याने परत केलेली यजमानांची, आणि शेवटी आभारप्रदर्शनात मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची. यातलं अक्षरशः खरं कोणी धरत नाही. पण एखादं नाव वगळून पाहा, वर्षभर रुसवा पुरतो. जी स्तुती कोणी खरी मानत नाही ती वगळली की का लागते, हाच आज माझा विषय आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते मोडीचे जाणकार होते. त्यांच्यापुढे कागद वाचायला बसलेल्या पोरांना ते सांगत, मायना सोडा, मजकुरावर या. मायना म्हणजे पत्राच्या माथ्यावरची ती पदव्यांची माळ: अखंडितलक्ष्मीअलंकृत, राजमान्य राजश्री, आणि पुढे नाव. ज्याला हे लिहिलं तो कर्जात बुडालेला असला तरी लक्ष्मी अखंडितच. कोणाला 'राजश्री', कोणाला 'श्रीमंत', कोणाच्या 'सेवेसी' आणि कोणाला नुसतंच 'यांसी', याचे नियम कारकुनाला पाठ असत आणि त्यात चूक झाली तर पत्र परत येई. अभ्यासकाची घाई मजकुराची असते, म्हणून गुरुजींचा सल्ला व्यवहाराला धरूनच होता. तरी आज त्यांच्याच नावाच्या व्यासपीठावरून मी उलट म्हणणार आहे. मजकुरात माणूस काय मागतो ते असतं. त्याच्यावर मागायची पाळी किती आली आहे, ते मायन्यात असतं.

इंग्रजीत या मालाला शब्द पुष्कळ. सर्वांत रुळलेला 'फ्लॅटरी'. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि मुळात तळहाताने चोळणं, गोंजारणं असा त्याचा अर्थ असावा, असं व्युत्पत्तीचे जाणकार मानतात. आपली 'खुशामत' फारसी, 'खुश' आणि 'आमद', म्हणजे 'भले आलात'. रघुनाथपंत हणमंते या तंजावरच्याच व्यंकोजीराजांचे कारभारी. दफ्तरातले फारसी शब्द हटवून संस्कृत बसवणारा 'राजव्यवहारकोश' त्यांच्या नावावर आहे. दफ्तराचं काय झालं ते झालं, आपल्या तोंडी खुशामत मात्र फारसीच राहिली.

मला ज्या शब्दाशी काम आहे तो वेगळा: 'ब्लार्नी'. गोड, लाघवी, समोरच्याला फुलवणारं आणि मनात नसलेलं बोलणं. हे एका गावाचं नाव आहे. आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क शहराजवळ ब्लार्नी म्हणून गाव आहे आणि तिथे मॅकार्थी घराण्याने १४४६ च्या सुमारास बांधलेला उंच बुरुजासारखा किल्ला आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या काळात तिथला सरदार होता कॉर्मॅक मॅकार्थी. किल्ला इंग्रजांच्या ताब्यात दे आणि जमीन राणीकडून नव्याने इनाम म्हणून घे, असा तगादा राणीचे अधिकारी त्याच्यामागे लावत. हा दर वेळी राणीच्या गुणांचं तोंड भरून वर्णन करी, आज्ञा शिरसावंद्य म्हणे, आणि किल्ला तेवढा देत नसे. शेवटी वैतागून राणी म्हणाली, हे सगळं ब्लार्नी आहे! ही आख्यायिका आहे, दप्तरी पुरावा नव्हे. पण शब्द टिकला. गोल्डस्मिथने १७६६ च्या आपल्या कादंबरीत एका बनावट उमराव बाईला 'लेडी ब्लार्नी' असं नाव दिलं, म्हणजे तोवर वाचकाला त्यातली मेख कळत असावी. आजही प्रवासी त्या किल्ल्याच्या माथ्यावर जातात, कठड्याशी उताणे होतात, लोखंडी दांडे धरून मान खाली सोडतात आणि तिथल्या एका दगडाचं चुंबन घेतात. त्याने जिभेला गोडी येते, अशी समजूत आहे.

एक बुरूज, एक एतद्देशीय सरदार, आणि समोर इंग्रज. तंजावरकरांना यावरून काय आठवायला हवं?

पट्टुक्कोट्टैहून समुद्राकडे गेलं की सरभेंद्रराजपट्टिनमजवळ, पाल्कच्या उथळ समुद्राकाठी, मनोरा उभा आहे. गावाच्या नावातले सरभेंद्रराज म्हणजे आपले दुसरे सरफोजी. मनोरा षट्कोनी, मजल्यावर मजला चढवत नेलेला, सुमारे पंच्याहत्तर फूट उंच, भोवती तट आणि खंदक. आजूबाजूला नारळ आणि कोळ्यांची वस्ती. त्यावरचा लेख पाच भाषांत आहे, इंग्रजी, मराठी आणि तमिळ धरून. आशय थोडा आहे: इंग्रज सरकारचे मित्र आणि दोस्त सरफोजी महाराज यांनी ब्रिटिश शस्त्रांचे विजय आणि बोनापार्टचा पाडाव यांच्या स्मरणार्थ हा उभारला. साल १८१४.

मनोरा वॉटर्लूच्या विजयाचा, असं सर्रास सांगितलं जातं. वॉटर्लू १८१५ च्या जूनमधलं. लेखातला 'पाडाव' त्याआधीचा आहे: ऑक्टोबर १८१३ मध्ये लाइपझिगला नेपोलियन हरला आणि एप्रिल १८१४ मध्ये त्याने गादी सोडली. म्हणजे आपल्या महाराजांनी अभिनंदनाची घाई केली. इकडे दगड चढत होते आणि तिकडे बोनापार्ट एल्बा बेटावरून निसटून पुन्हा पॅरिसमध्ये दाखल झाला. ते शंभर दिवस या मनोऱ्याच्या बांधकामावर काय वातावरण होतं, हे जाणून घ्यायला मी बरंच काही देईन. सुदैवाने वॉटर्लू झालं आणि लेख खोडावा लागला नाही.

आता पाहा, या माणसाला बोनापार्टशी काय देणंघेणं होतं? तंजावरच्या भाताच्या शेतात फ्रेंच सैन्य उतरायचा संभव १८१४ मध्ये उरला नव्हता. शिवाय तोवर सरफोजींकडे वाचवायला राज्यच नव्हतं. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलूख आणि कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. महाराजांकडे राहिला किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. इसापाची कोल्ह्या-कावळ्याची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. याच सरफोजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या छापखान्यात इसापनीतीचा मराठी अनुवाद छापवून घेतला होता. गोष्टीत कोल्हा स्तुती करतो, कावळा गायला चोच उघडतो आणि तुकडा खाली पडतो. तंजावरात क्रम उलटा झाला. तुकडा कोल्ह्याच्या पोटात जाऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि गात होता कावळा, तेही कोल्ह्याची स्तुती, पाच भाषांत.

इथे उठून सरफोजींना लाळघोटे म्हणणं सोपं आहे. गेल्या शतकात आपल्याकडच्या काहींनी तसं म्हटलंही. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण त्यांनीच उभा केलेला दुसरा दगड.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. निपुत्रिक तुळजाराजांनी १७८७ च्या आरंभी, मृत्यूच्या तोंडावर, त्यांना दत्तक घेतलं. लगोलग कंपनीने पंडितांना विचारलं. दत्तक अशास्त्र ठरलं आणि गादी तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांना मिळाली. पुढे पंडितांचं मत फिरलं आणि अकरा वर्षांनी दत्तक सशास्त्र झालं. (शास्त्र कोणाच्या सोयीने बोलतं याचं इतकं नीट दस्तऐवजात उतरलेलं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.) या मधल्या वर्षांत पोरक्या मुलाच्या पाठीशी उभा राहिला तो प्रशियातून आलेला मिशनरी क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. त्याने मुलाला शिकवलं, मद्रासला सुरक्षित ठेवलं, त्याचा हक्क कंपनीपुढे मांडत राहिला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. सरफोजी गादीवर बसले ते त्यानंतर साडेचार महिन्यांनी.

श्वार्ट्झच्या थडग्यावर सरफोजींनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी आहेत. हिंदू राजाने इंग्रजीत रचलेली ही पहिलीच कविता असावी असं म्हणतात. काव्य म्हणून साधीच: यमक ओढूनताणून आणलेलं, विशेषणं शाळकरी, पण बाप गमावलेल्या मुलाचा सूर सरळ ऐकू येतो. शिवाय त्यांनी लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी उठावशिल्प करवून घेतलं. शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये ते आहे. बघितलं नसेल तर उद्या सकाळी जा. मरणशय्येवरचा म्हातारा, उशाशी त्याचा सहकारी, पायाशी शाळेतली मुलं, आणि पलंगाजवळ पागोटं घातलेला तरुण राजा त्याचा हात हातात घेऊन उभा. शिल्पकाराने तंजावर पाहिलं नव्हतं, त्यामुळे पागोटं जरा नाटकातलं वाटतं. हात मात्र खरे उतरलेत.

एकाच माणसाचे दोन दगड. एकाचा लाभधारक मेलेला, दुसऱ्याचा चांगला जिवंत आणि दर साल पैसे मोजणारा. थडग्यावर 'मी' आहे, मनोऱ्यावर 'इंग्रज सरकारचे मित्र'. खऱ्या स्तुतीला आणि खोट्या स्तुतीला एवढी साधी कसोटी सहसा मिळत नाही. खोटी स्तुती मोठी असते, हेही दिसतं. श्वार्ट्झला शिळा पुरली, कंपनीला मनोरा लागला.

सत्ता आणि स्तुती यांचं हे व्यस्त प्रमाण मोठ्या देवळात आणखी ठळक आहे. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा तो प्रचंड मराठी शिलालेख. बाबूराव चिटणिसांनी मजकूर रचला, १८०३ च्या डिसेंबरात तो पुरा झाला. घराण्याच्या मुळापासून खुद्द सरफोजींपर्यंतची हकीकत. एवढा मोठा शिलालेख देशात क्वचितच असेल. तंजावरच्या आधीच्या शहाजीराजांच्या हाती खरं राज्य होतं, १६८४ ते १७१२. त्यांनी घराण्याचा इतिहास भिंतीवर कोरवला नाही. त्यांनी तिरुविशनल्लूर गाव ४६ पंडितांना इनाम दिलं, पंडितांनी गावाला शहाजीराजपुरम म्हटलं, राजावर काव्यं केली, व्यवहार चुकता झाला. कोरण्याची गरज पडली ती कारभार गेल्यावर चार वर्षांनी.

आणि त्याच देवळाच्या आवारात कुरवंजी मेडै, म्हणजे कुरवंजी या नृत्यनाट्याचं व्यासपीठ, आहे. शिवकोळुंदु देशिकांनी तमिळमध्ये 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली. तिची नायिका मदनवल्ली सरफोजी महाराजांच्या प्रेमात झुरते, मग कुरत्ती, म्हणजे डोंगरातली भविष्य सांगणारी बाई, येऊन हात पाहते आणि मिलन होणार असं सांगते. एरवी या खेळात नायकाच्या जागी देव असतो. इथे राजा, आणि तोही देवाच्या दारात, देवाच्या उत्सवात, देवदासींनी नाचून दाखवलेला. पेन्शनीवर जगणाऱ्या राजाला विरहिणी मिळाली. पण लगेच हसू नका. याच सरफोजींच्या नावावर मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' आहे, आणि तिच्यात कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला आहे: खंडं, देश, समुद्र. कवी राजाला खूश करायला जो साचा वापरत होता, तोच साचा राजाने हातात आल्यावर पोरांना नकाशा शिकवायला वापरला. स्वतःबद्दलची स्तुती हा गृहस्थ किती खरी धरत होता, याचा अंदाज मला यावरून येतो.

आता आपल्या सर्वांचा लाडका दाखला, तिरुवैयारूचा. त्यागराजांना तंजावरच्या राजाकडून बोलावणं आलं, नजराणा आला, आणि त्यांनी तो परत पाठवून 'निधी चाल सुखमा' ही कृती गायली, ही कथा दर आराधनेला सांगितली जाते. 'नरस्तुती' हा शब्दच त्या कृतीत आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांना लगेच देहूचे तुकोबा आणि शिवाजीमहाराजांनी पाठवलेली मशाल-घोडे आठवतील. या कथांपुढे मीही हात जोडतो. मात्र एक हिशेब मांडू द्या. त्यागराज उंछवृत्तीने जगत. गात गात गल्लीतून फिरायचं आणि ओंजळीत पडेल त्या तांदळावर घर चालवायचं. ज्याने आपली गरज ओंजळीपर्यंत आणली त्याला नरस्तुती नाकारता येते. थोरल्या भावालाही येते: तिरुमळवाडीच्या भेटीनंतर व्यंकोजीराजे उदास होऊन बसले तेव्हा शिवाजीमहाराजांनी त्यांना जे पत्र लिहिलं, त्यात गोंजारणं औषधालाही नाही, सरळ कानउघाडणी आहे. सरफोजींची गरज ओंजळीत मावणारी नव्हती. सरस्वती महालातली पोथ्यांची कपाटं, धन्वंतरी महालातली औषधं आणि रोग्यांची टिपणं, युरोपातून येणारी पुस्तकं आणि उपकरणं, नवविद्येच्या शाळा, १८२० मध्ये निघालेली लवाजम्यासकट काशीयात्रा. यातल्या पैशाला किंवा परवानगीला कंपनीच्या रेसिडेंटाची मान हलावी लागे. मनोऱ्यावरची स्तुती हे त्याचं भाडं होतं. आपण आज सरस्वती महालात बसून हस्तलिखितं चाळतो तेव्हा त्या भाड्याच्या घरातच बसलेले असतो, आणि मला विचाराल तर भाडं फार नव्हतं.

परतीची स्तुतीही आली. मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले आणि महाराजांच्या भेटीने थक्क झाले. लाव्हाझिए, लिनियस, ब्युफाँ यांचे दाखले हा राजा सहज देतो, शेक्सपियरबद्दल त्याचं मत बायरनपेक्षा जाणतं आहे, घोडा ओळखतो, वाघावरचा नेम चुकत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढच्याच आठवड्यात तिरुचिरापल्लीत बिशप वारले, त्यामुळे या वर्णनाला अखेरच्या शब्दांचं वजन आलं. आदर खरा आहे. पण एक बारकी गोष्ट बोचते: एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाच्या हातात त्याचं राज्य का नसावं, हा प्रश्न त्या कौतुकाला कुठे शिवतही नाही.

ब्लार्नीचं काय झालं तेही सांगतो. मॅकार्थींच्या गोड बोलण्याने वेळ निभावली, किल्ला पुढे कितीतरी वर्षं घराण्याकडे राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीला हरलेल्या जेम्स राजाची बाजू घेतल्यावर तो जप्त झाला. शब्दांनी जे राखलं होतं ते चुकीच्या लढाईत गेलं. तंजावरने चुकीची लढाई कधी केलीच नाही. सरफोजी १८३२ मध्ये गेले, त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले, आणि कंपनीने राज्याचं जे काही नाव उरलं होतं ते खालसा केलंच, वर महालातली खासगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथे त्या जिंकल्या. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली.

१८५९ चा तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. न्यायमूर्तींनी काय म्हटलं? तंजावरचा राजा हा कंपनीचा मांडलिक नव्हता, जहागीरदार नव्हता. मुलूख छोटासा, शेजारी बलाढ्य, तहांनी हात जवळजवळ बांधलेले. तरीही तो स्वतंत्र राजा होता. आणि दोन स्वतंत्र सत्तांमध्ये एकीने दुसरीचं काही बळकावलं, तर ते राज्याचं कृत्य ठरतं, त्यात दिवाणी न्यायालयाला लक्ष घालता येत नाही. मांडलिक ठरवलं असतं तर राणीसाहेबांना कोर्टात उभं राहायला जागा होती. मनोऱ्यावर सरफोजींनी स्वतःला इंग्रजांचे मित्र म्हणवून घेतलं होतं. पंचेचाळीस वर्षांनी इंग्रजांच्या सर्वोच्च न्यायासनाने ते बरोबरीचं नातं मान्य केलं, आणि त्याच आधारावर दावा फेटाळला. पुढे १८६२ मध्ये खासगी मालमत्ता राण्यांकडे परत आली, ती हक्क म्हणून नव्हे, सरकारची मेहेरबानी म्हणून.